कासवखडकाच्या डावीकडे

हिशेबाने पाहिलं तर त्या व्यवहारात ओतोमात्सुचं जाणार काहीच नव्हतं. द्यायचं काय, तर टेहळणीच्या खोपटातली एका माणसापुरती चटई आणि दुपारच्या भाताच्या मुटक्यांतला एक मुटका. मिळायचं काय, तर दोन डोळे. तरुण, शहरात शिकलेले, दिवसभर समुद्रावरून न हलणारे. आणि ज्याचे डोळे त्याला पत्ता नाही की ते आपण भाड्याने दिलेत. असा सौदा जपानातल्या इझूच्या किनाऱ्यावर त्याआधी कुणी केला नसेल.

ओतोमात्सु इसोने नावाच्या गावचा टेहळ्या होता. गावामागच्या कड्यावर, पाण्यावर झुकलेलं एक गवती छपराचं खोपट. त्यात बसून शरदात बोय माशांचा थवा खाडीत कधी शिरतो ते पाहायचं, थवा आला की शंख फुंकायचा, आणि खाली किनाऱ्यावर तयार असलेल्या होड्यांनी जाळं टाकायचं, अशी रीत. होड्या एकदा पाण्यात गेल्या की पुढचं नाखव्यांना दिसतंच. पण वेळ गाठायची ती टेहळ्याने. अंड्यांच्या गाभोळीने पोट तटतटलेली बोय वरून दिसते ती मासा म्हणून नव्हेच. पाण्यावर वांगी-तांबूस डाग दिसतो, बेतानं सरकणारा. तो डाग ओळखायला आयुष्य लागतं असं ओतोमात्सुच सांगायचा. आयुष्य गेलं होतं, डाग ओळखता येत होता, फक्त दिसत नव्हता.

दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. गंमत अशी की हाताजवळचं लख्ख दिसायचं. सुईत दोरा तो ओवायचा, बायको नाही. पण दोन पावलांपलीकडे जग म्हणजे भाताची पेज.

ही गोष्ट तो सोडून कुणाला ठाऊक नव्हती, असं त्याला आधी वाटायचं. त्याची बायको सावा हल्ली वाटेत भेटणाऱ्याला लांबूनच नावाने हाक मारू लागली होती. "काय हो शिगेझो भावोजी, आज उशीर?" "अगं तामे, मूल बरं आहे का?" ज्या बाईचा आवाज लग्न झाल्यापासून परसदाराबाहेर गेला नव्हता, ती म्हातारपणी एकदम अशी तोंडाळ का झाली, याचा गावाने विचार केला नाही. ओतोमात्सुने केला, आणि तो मुकाट राहिला. तीही राहिली.

आता एवढं लपवायचं कारण काय? खोपटाचा हक्क एका घराकडे असतो. टेहळ्या थकला तर त्या घरातला धडधाकट पुरुष बसतो. घरात तसा पुरुष नसेल तर खोपट पाळीने पुढच्या घराकडे जातं आणि पुन्हा परत येत नाही. बाईने तर खोपटाची शिडी चढायचीच नाही, म्हणजे सावा किंवा मुलगी चिसे यांचा प्रश्नच नव्हता. मुलगा नव्हता. घरजावई होता, रोकुसुके, चांगला तगडा, पण तो पलटणीत. नवीन वर्षाच्या आत सुटून यायचा होता. गेला शरद ओतोमात्सुने अंधुक दिसण्यावर आणि सवयीवर काढला होता, आता आणखी एकच काढायचा होता. तो शरद निघाला की खोपट रोकुसुकेचं, मासळीतला टेहळ्याचा दीड वाटा घराचा, आणि चिसेला नवऱ्यामागे कुठे परगावी जायला नको.

पुढच्या पाळीचं घर हेइहाचीचं होतं. हेइहाची हल्ली ओतोमात्सुच्या तब्येतीची फार प्रेमाने चौकशी करी.

अशा वेळी नागुमो आला. तोक्योहून आलेला तैलरंगांचा चित्रकार, देवळात उतरलेला, अंगाने काडी. सरकारी प्रदर्शनाने दोनदा त्याची चित्रं परत पाठवली होती. हे गावाला कळायला दोन दिवसही लागले नाहीत, कारण देवळातल्या भिक्षूच्या पोटात चहासुद्धा टिकत नसे. शिकलेला माणूस म्हणून लोक त्याला मास्तर म्हणत आणि पाठीमागे रंगारी. उघड्यावर बसून चित्र काढायचं हा त्याचा हट्ट. खोलीत बसून काढलेला समुद्र म्हणजे लोणच्यातला मासा, असं तो म्हणायचा. कड्यावर वारा त्याची तिपाई उलथी करी, ओला रंग गवतात पडे, आणि मग तो गुडघ्यांवर बसून चित्रातल्या आकाशातून गवताच्या काड्या वेचत बसे. शेवटी तो खोपटाशी येऊन म्हणाला, "आजोबा, कोपऱ्यात बसू द्याल का? मी बोलत नाही."

ओतोमात्सु नाहीच म्हणणार होता. पण नागुमोने हातातली रंगवलेली फळी पुढे केली, वहीएवढी, आणि म्हाताऱ्याने ती नाकाशी धरली. फळीवर खाडी होती. कासवखडक होता, पाठीवर फेस घेऊन. त्यापलीकडे शेजारच्या ताकुरा गावाचं भूशीर. दोन वर्षांत नीट न दिसलेलं सगळं, हातभर अंतरावर.

"कधीचं हे?" त्याने विचारलं.

"आत्ताचं. अर्ध्या तासापूर्वीचं. उजेड बदलला की फळी बदलायची."

ओतोमात्सुने फळी परत केली नाही चटकन. मग म्हणाला, "बसा. पण खोपटाचे नियम आहेत. शीळ घालायची नाही. समुद्राकडे बोट करायचं नाही. आणि पाण्यात काही दिसलं, तर नाव काढायचं नाही. टेहळ्याआधी दुसऱ्याने नाव घेतलं की थवा फुटतो."

नागुमोने मान डोलावली. ती दिसली नाही म्हणून म्हातारा गप्पच राहिला, तेव्हा त्याने "बरं" म्हटलं.

दिवस मजेत चालले. नागुमो फळीमागून फळी रंगवी, जवसाच्या तेलाचा वास खोपटात भरून राही, आणि ओतोमात्सु दर थोड्या वेळाने गुडघे मोकळे करण्याच्या निमित्ताने उठून त्याच्या खांद्यावरून डोकावे. नागुमोला वाटे, काय रसिक म्हातारा आहे! तोक्योत त्याची चित्रं इतक्यांदा कुणी पाहिली नव्हती.

एका सकाळी ओतोमात्सु असाच डोकावला आणि थबकला. "खडकाच्या डावीकडे हा वांगी रंग कसला लावलात?"

"आत्ताच आलाय तिथे. ढगाची सावली असेल."

म्हाताऱ्याच्या गालावर ऊन सरळ पडत होतं. वर ढग असता तर ते कळलं असतं. त्याने शंख उचलला.

त्या दिवशी इसोनेच्या जाळ्यात इतकी बोय आली की ओढायला बायकासुद्धा पाण्यात उतरल्या. पहिला मासा देवाला गेला, दुसरा ओतोमात्सुच्या घरी आला. जाळ्याचा म्होरक्या कुन्पेई स्वतः तांदळाची दारू घेऊन आला. हेइहाची दोन प्याले झाल्यावर म्हणाला, "म्हाताऱ्याला पाठीतपण डोळे आहेत," आणि ओतोमात्सु हसत राहिला. जागा सांगण्यात हेइहाचीची फारशी चूक नव्हती, ते डोळे म्हाताऱ्याच्या तोंडावर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी नागुमोच्या लक्षात आलं होतं. "म्हणजे आजोबा, ते काल वांगी जे होतं ते..."

"नाव काढू नका म्हटलं ना! कळलं ते पोटात ठेवा. तुम्ही आपले दिसेल ते रंगवा."

इथेच त्याने सांगून टाकायला हवं होतं, की बाबा रे, मला दिसत नाही, तुझ्या फळीवर माझं घर उभं आहे. जिभेवर आलंही होतं. पण मास्तर झोपायचा देवळात, आणि देवळात तो भिक्षू. शिवाय ज्याच्यापुढे अख्खा गाव काल घरी येऊन वाकून गेला, त्याने आज शहरातल्या पोराजवळ असं काही कबूल करायचं, हे होतं का कधी?

महिना असा गेला. मग एका सकाळी नागुमो पाठीवर मोठा कॅनव्हास घेऊन शिडी चढला. दाराएवढा. वाऱ्याने तो त्याच्यासकट उडायचाच बाकी होता.

"आजोबा, फळ्यांचा सराव झाला. आता मुख्य काम. प्रदर्शनासाठी." त्याने तिपाईच्या पायांना दगड बांधले. "हे पुष्कळ दिवस चालेल. आमच्या गुरूंचा नियम आहे, पहिल्या दिवशी जो उजेड धरला तोच शेवटपर्यंत धरायचा. मग समुद्राने काहीही रंग दाखवो, त्याच्या मागे धावायचं नाही. धावला तो बुडाला."

"खरं आहे," ओतोमात्सु म्हणाला. प्रत्येक धंद्यात गुरूंची अशी वचनं असतात आणि दुसऱ्या धंद्यातल्या माणसाने त्यांना खरं आहे म्हणायचं असतं. त्याचं लक्ष कॅनव्हासच्या आकाराकडे होतं. एवढीशी फळी नाकाशी धरून त्याची मान अवघडायची. आता आख्खा समुद्र ऐसपैस, हातभर अंतरावर उभा राहणार होता. त्या संध्याकाळी जेवताना तो सावाला म्हणाला, "यंदा निभतं बघ." काय निभतं ते तिने विचारलं नाही. भात मात्र जास्त वाढला.

पहिल्या दिवशी समुद्र निवांत होता, चंदेरी हिरवा, साळीच्या कोवळ्या पानाच्या पाठीसारखा. नागुमोने तो पातळ रंगात सगळीकडे मांडून घेतला. पुढचे दिवस तो त्याच हिरव्यावर तसाच हिरवा जाड करत गेला. ओतोमात्सु उठे, डोकावे, समाधानाने खाली बसे. समुद्र रोज शांत. बोय अजून बाहेरच आहे म्हणायची. थोडं नवल वाटायचं त्याला, या दिवसांत समुद्र इतका एकसारखा कधी नसतो. पण चित्रात होता.

ज्या सकाळी ते झालं, त्या सकाळी वारा पडलेला होता आणि कड्याखालून घारींचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जास्त. घारी का जमल्या असतील असा विचार त्याच्या मनात आला. तो उठला आणि कॅनव्हासपाशी गेला. चंदेरी हिरवा, खडकाच्या उजवीकडेही, डावीकडेही.

"आज काही नवीन लावलंत का, मास्तर?"

"नाही आजोबा. नवीन काही लावायचंच नाहीये."

तो खाली बसला. थोड्या वेळाने ब्रशचा खरखराट थांबला. महिनाभर त्या आवाजाच्या सोबतीत बसल्याने तो थांबलेला त्याला लगेच कळला.

"का थांबलात?"

नागुमो खडकाच्या डावीकडे पाहत होता. वांगी डाग पसरत पसरत खाडीत आला होता, मागच्या वेळेच्या दुप्पट, कडा तांबूस. त्याला इतकं छान वाटलं की घशाशी शब्द आला. मग नियम आठवला. म्हातारा शेजारीच तर बसलाय, शंखावर हात ठेवून, तोंड समुद्राकडे करून; आयुष्य यात घालवलेला माणूस. थवा पुरा आत येईपर्यंत थांबला असणार. आणि आपल्याला विचारतोय ते आपण बोट करतो की नाव काढतो हे बघायला. परीक्षाच ती.

"काही नाही," तो म्हणाला, आणि मन घट्ट करून पुन्हा हिरवा लावू लागला. तो वांगी त्याच्या चित्राला फार शोभला असता. पण पहिल्या दिवशी तो नव्हता.

ब्रश सुरू झाला तसा ओतोमात्सुही निश्चिंत झाला. दोन माणसं एकमेकांवर इतका विश्वास टाकून क्वचितच बसली असतील.

मग शंख वाजला. ताकुराचा. भूशिराच्या पलीकडून, लांब, पुन्हा पुन्हा.

नागुमोने ब्रश खाली ठेवला. "आजोबा," तो हळू आवाजात म्हणाला, "आपण का नाही वाजवला?"

ओतोमात्सु उठून कॅनव्हासजवळ गेला आणि त्याने तळहात डावीकडच्या हिरव्यावर टेकवला, ओल्या रंगावर, जणू तिथे खाली काही हलतंय का ते चाचपावं.

माणसं वर आली ती धावत. पुढे कुन्पेई, मागे नाखवे, आणि हेइहाची, जो कधी धावत नसे. थवा इसोनेच्या खाडीतून, इसोनेच्या होड्यांसमोरून जाऊन ताकुराच्या जाळ्यात गेला होता. वर्षाचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा. कुन्पेई ओतोमात्सुला लहानपणापासून काका म्हणायचा, आताही म्हणाला.

"काका, काय झालं?"

"झोप लागली," ओतोमात्सु म्हणाला.

बोलण्याआधी त्याने ते तोलून घेतलं होतं. झोपलेल्या टेहळ्याची मानहानी होते, वाटा कापला जातो, देवळाच्या अंगणात सगळ्यांसमोर डोकं टेकावं लागतं. पण खोपट जात नाही. झोप कुणालाही लागते. महिना-दीड महिन्यात रोकुसुके येईल. हा तोटा सोसण्यासारखा होता.

आणि तो सोसलाही गेला असता. पण नागुमो सज्जन होता. आपल्याला आसरा देणाऱ्या म्हाताऱ्यावर भलता आळ येतोय हे त्याला बघवेना. तो पुढे झाला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "माफ करा, आजोबा झोपले नव्हते. माझी शपथ. सारखे जागे होते. आत्ताच उठून माझ्याशी बोलले, माझं चित्र बघत होते. थवा तर आमच्या डोळ्यांसमोर होता, मीसुद्धा पाहिला. मला वाटलं ते योग्य वेळेची वाट बघतायत."

नाखवे एकमेकांकडे बघू लागले. नागुमोला वाटलं, आपलं म्हणणं पटलं.

कुन्पेई म्हाताऱ्याच्या तळव्यावरच्या हिरव्या रंगाकडे बघत राहिला. मग कॅनव्हासकडे. मग खूप मऊ आवाजात म्हणाला, "काका, खाली किनाऱ्यावर आपल्या होड्या किती आहेत बघून सांगा."

"सहा," ओतोमात्सुने किनाऱ्याकडे तोंड करून सांगितलं. इसोनेच्या होड्या सहाच होत्या, त्याच्या बापाच्या वेळेपासून. पण त्यातली एक आदल्या दिवशी डांबर लावायला वर झाडीत ओढून नेली होती.

हेइहाचीने तोंड उघडलं. कुन्पेईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने ते मिटलं. मग कुन्पेईने दोन्ही हातांनी, वाकून, म्हाताऱ्याच्या हातातून शंख घेतला. "कधीपासून, काका?"

"दोन शरद."

"सांगायचंत."

"सांगितलं असतं तर?"

नियम कुन्पेईलाही तोडता येत नव्हता. खोपट त्याच दिवशी हेइहाचीकडे गेलं.

नागुमोला सगळं कळायला संध्याकाळ झाली, आणि ते त्याला भिक्षूने सांगितलं. तो काळोख पडता पडता ओतोमात्सुच्या घरी आला, दारातच जमिनीवर बसला. मग म्हणाला की मी त्या चित्रावर तो थवा रंगवतो. हिरवा खरवडून काढतो. निदान चित्रात तरी.

ओतोमात्सु चुलीपाशी बसून नखांतला रंग काडीने काढत होता. "नको, मास्तर. तुमच्या पहिल्या दिवशी तो नव्हता ना. मग खोटं होईल." काडी चुलीत टाकून म्हणाला, "नियम मीच घातला होता. तुम्ही पाळलात. त्याचा राग कसा धरायचा?"

सावाने मास्तरला चहा दिला. तो त्याच्याने पिववला नाही.

रोकुसुके नवीन वर्षाआधी आला, कबूल केल्याप्रमाणे. गावात त्याला साधा अर्धा वाटा होता, पण अर्ध्या वाट्यात चौघांची पोटं भरत नाहीत. वसंतात तो चिसेला घेऊन योकोहामाच्या गोदीवर गेला. जाताना चिसे हसतमुख होती; रडायचं ते तिने आधीच कुठेतरी उरकून घेतलं असावं. तिची आई बोटीच्या धक्क्यापर्यंत गेली. बाप घरी राहिला. त्याला बोट दिसली नसतीच.

पुढच्या शरदात नागुमोचं चित्र प्रदर्शनात लागलं, आणि बक्षीसही मिळालं. वर्तमानपत्रात आलं होतं ते भिक्षूने वाचून दाखवलं: या तरुणाने समुद्राचा एक क्षण जसाच्या तसा धरला आहे, निसर्गाशी इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो. डावीकडच्या पाण्यात हाताच्या तळव्यासारखा अस्पष्ट ठसा आहे, त्याने लाटेचा भास विलक्षण साधला आहे, असंही कुणी लिहिलं होतं. म्हणजे नागुमोने तो पुसला नव्हता.

प्रदर्शनातल्या चित्राचं छापील कार्ड त्याने पाठवलं. मागे फक्त नाव होतं. ओतोमात्सुने ते नाकाशी धरलं. जवळचंही आता फिकट होत चाललं होतं, पण खडक लागला, भूशीर लागलं.

"इथे होता," तो सावाला म्हणाला, आणि खडकाच्या डावीकडे त्याने बोट ठेवलं. समुद्राकडे बोट करायचं नाही हा नियम आता त्याला नव्हता.

सावाने वाकून पाहिलं. "शांत दिसतोय समुद्र," ती म्हणाली, आणि डोक्याला फडकं बांधू लागली. तिला निघायचं होतं. ताकुरात बोय साफ करायला, गाभोळी सोडवून मिठात घालायला बायका लागतात. खिंड ओलांडून ती पहाटे जाई आणि दिवेलागणीला परत येई, हातांना मिठाने भेगा पडलेल्या.

सणाच्या दिवशी ती दोघं देवळात जातात, तेव्हा अजूनही ती वाटेत लांबूनच हाक मारते. "काय हो शिगेझो भावोजी!" "हेइहाचीदादा, बरे आहात ना?" आता लपवायचं काही उरलेलं नाही, गावाला सगळं ठाऊक आहे. तरी मारते.

तेव्हा शेवटची बेरीज मांडायची तर अशी पडते. ताकुराला मासा मिळाला. हेइहाचीला खोपट मिळालं, नागुमोला नाव, आणि त्यातलं काहीच कुणी लुबाडून घेतलेलं नाही. ओतोमात्सुचे डोळे गेले, पण ते असेही जाणारच होते. ज्या बाईला त्या शिडीवर पाय ठेवायची परवानगी नव्हती, जिला सौदा झाल्याचं कुणी सांगितलं नाही आणि मोडल्याचंही नाही, ती दररोज पहाटे खिंड चढते. किंमत तिने दिली. अजून देते आहे.